जेकब, याकूब, चाको: एकाच टाचेची नावं

प्रश्न: नेरुळला आमच्या इमारतीत खाली टपालपेट्यांवर जेकब, याकूब आणि चाको अशी तीन नावं आहेत. चाकोकाका केरळचे. काल लिफ्टमध्ये म्हणाले, "आम्ही तिघंही एकाच नावाचे." जेकब आणि याकूब समजलं, पण चाको? आणि मुळात अर्थ काय?

उत्तर १: काकांचं बरोबर आहे. मल्याळममध्ये याक्कोबचाच चाको झाला.

मूळ हिब्रू याकोव. 'अकेव' म्हणजे टाच. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात जुळ्यांपैकी हा धाकटा थोरल्या एसावची टाच धरून जन्मला, म्हणून हे नाव. पुढे वडिलांचा आशीर्वाद याने पळवला तेव्हा एसाव चिडून म्हणतो, याचं नाव अगदी योग्यच ठेवलंय, दोनदा मला फसवलं. म्हणजे टाच धरणारा तोच दुसऱ्याची जागा घेणारा. काही अभ्यासक मात्र 'देव रक्षण करो' अशा अर्थाच्या जुन्या नावाचं हे आखूड रूप मानतात. मला टाचेची गोष्ट जास्त भावते, कारण बायबल स्वतःच त्या शब्दाशी खेळतं.

खरी गंमत लॅटिनमध्ये. याकोबुसचं पुढे बोलण्यात याकोमुस झालं, ब चा म. पहिल्यातून जेकब, दुसऱ्यातून फ्रेंचमार्गे जेम्स! म्हणूनच इंग्लंडच्या पहिल्या जेम्सचा काळ (१६०३–१६२५) 'जेकोबियन' म्हणवतो. इंग्रजीत ही दोन वेगळी नावं वाटतात. मराठी बायबलमध्ये घोटाळाच नाही, तिथे जेम्सचं पत्रही 'याकोबाचं पत्र'च आहे. स्पेनमध्ये याकोबचं यागो आणि संत यागोचं सांतियागो झालं. पोर्तुगीजांनी ते भलत्या ठिकाणी तोडलं आणि संताचा त नावाला चिकटून तियागो उरला.

उत्तर २: मी ठाण्याची, म्हणून एक भर घालते. बेने इस्रायलींमध्ये, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये, हेच नाव अकूबजी होतं. अब्राहामचं आबाजी, सॅम्युएलचं समाजी, तसंच. मराठी 'जी' लागला की नाव कोकणातलंच वाटतं.

आणि 'बेने इस्रायल' म्हणजे इस्रायलची मुलं. हा इस्रायल कोण? याकोबच! रात्रभर झुंजल्यावर त्याला मिळालेलं दुसरं नाव. टेंभी नाक्याजवळच्या १८७९ च्या सिनेगॉगचं नाव 'शार हाशमाईम', स्वर्गाचं दार. स्वप्नात आभाळाला टेकलेली शिडी पाहून जागा झालेला याकोब हेच शब्द उच्चारतो. त्या दारावरून मी कित्येक वर्षं जातेय, नावाचा हा धागा मात्र अलीकडेच कळला.

प्रश्नकर्ता: चाकोकाकांना वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न असा, की मुलाचं नाव तियागो ठेवलं तर तेही नातेवाईकच ना?

उत्तर १: सख्खे!

उत्तर २: कुणाच्या घरी जुन्या कागदांत, निमंत्रणपत्रिकेत 'अकूबजी' लिहिलेलं असेल, तर नेमकं कसं लिहिलंय ते सांगा. अकूबजी की अकोबजी, ऱ्हस्व की दीर्घ?