रक्त नॉर्मल आलं तरी पोटाची सोनोग्राफी करा

ताई, डॉक्टर मुलीला प्रोटियस सिंड्रोम (शरीराचे काही भाग बेसुमार वाढण्याचा दुर्मिळ आजार) आहे म्हणतात, पण रक्ताची जनुकीय तपासणी नॉर्मल आली, मग सोनोग्राफी कशाला, असं तुम्ही विचारलंत. कृपया ती टाळू नका.

या आजारात एकेटी१ जनुकातला बदल गर्भात वाढ सुरू झाल्यावर एखाद्या पेशीत होतो आणि तिच्यापासून बनलेल्या भागातच राहतो. हे २०११ साली कळलं. म्हणून एक पाय वाढतो, दुसरा नाही. रक्तात तो बदल बहुतेकदा सापडतच नाही. वाढलेल्या भागाचा तुकडा तपासावा लागतो. (आणि आईवडिलांकडून तो येत नाही, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका.)

या मुलींमध्ये बीजकोशात (अंडाशयात) पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या गाठी होऊ शकतात. एरवी हे लहान वयात क्वचितच दिसतं. विशीच्या आत दोन्ही बाजूंना अशा गाठी असतील तर निदानालाही त्याचा आधार मिळतो. मुलग्यांमध्ये वृषणाजवळ गाठ येऊ शकते. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण मोठी झालेली गाठ बीजकोशाला पीळ पाडू शकते. अचानक एका बाजूला जोराची कळ आणि उलट्या, असं झालं तर सकाळची वाट पाहू नका.

सोनोग्राफी वरून, पोटावरूनच होते. माझ्या भाचीला आम्ही पाण्याची बाटली संपवायला लावायचो. लघवीची पिशवी भरलेली असली की बीजकोश नीट दिसतात. थंड जेल लागलं की ती माझं बोट घट्ट धरायची.

ऑपरेशन ठरलंच तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी सांगा. या मुलांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो.