प्रसूतीसाठी रुग्णालयात जाण्याची तयारी

प्रश्न: मला ३४ वा आठवडा सुरू असून ही माझी पहिलीच प्रसूती आहे. बॅग कधी भरावी आणि नेमके काय विसरू नये, हे कृपया अनुभवी मैत्रिणींनी सांगावे.

प्रतिसाद १: बॅग ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार असावी, कारण कळा दिलेल्या तारखेची वाट पाहत नाहीत. सर्वांत वर तपासण्यांची फाइल ठेवावी. रक्तगट, सोनोग्राफीचे अहवाल आणि चालू औषधांची यादी तिच्यात असली, की रात्री-अपरात्रीही ड्युटीवरील डॉक्टरांना तुमची सगळी माहिती लगेच मिळते. पुढून उघडणारे सैल गाऊन, मोठे सॅनिटरी पॅड आणि बाळाची टोपीही हवीच.

प्रतिसाद २: बाळाचे कपडे आधी धुऊन ठेवावेत. माझ्या वेळी कोणती वस्तू कुठे आहे हे फक्त मलाच माहीत होते आणि ऐन कळांमध्ये ते सांगत बसावे लागले. म्हणून सोबत येणाऱ्या व्यक्तीकडूनच बॅग भरून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगते.

प्रतिसाद ३: सामानापेक्षा निघण्याची वेळ ओळखणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. बाळाभोवतीचे पाणी गेल्यास वेळ आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवून, कळा नसल्या तरी रुग्णालयात कळवावे. रंग हिरवट असेल, रक्तस्राव होत असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर बॅगेसाठीसुद्धा थांबू नये.