मदत हवी आहे : एर्तुग्रुलबद्दल खात्रीने काय सांगावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात दर महिन्याला कुणीतरी तासभर बोलतं. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. विषय मीच मागून घेतला : उस्मानी (ऑटोमन) घराण्याचा मूळपुरुष उस्मान, त्याचे वडील एर्तुग्रुल. तुर्की मालिकेमुळे हे नाव आता घरोघरी माहीत आहे, त्यामुळे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण मालिका डोक्यात ठेवूनच येणार. त्यांना मला नीट, खरं काही द्यायचं आहे.

टिपणं काढायला बसले तर हाती फार थोडं लागलं. उस्मानच्या एका नाण्यावर ‘एर्तुग्रुलचा मुलगा उस्मान’ असं आहे. बायझंटाइन इतिहासकार पाखिमेरेस बायझंटाइन फौजेशी झालेल्या १३०२ च्या लढाईच्या संदर्भात उस्मानबद्दल लिहितो, पण वडिलांबद्दल चकार शब्द नाही. बाकी सगळं आशिकपाशाजादे, नेश्री यांच्या पंधराव्या शतकातल्या तवारिखांमधून (इतिहासग्रंथांमधून) येतं. एर्तुग्रुल परंपरेनुसार १२८० च्या सुमारास वारला, म्हणजे मध्ये जवळजवळ दोनशे वर्षं गेली. शिवाय त्या लिहिल्या गेल्या तेव्हा गादीवर त्याचेच वंशज होते. आपल्या बखरी वाचताना जी सावधगिरी ठेवतो, ती इथे दुप्पट हवी.

तरी एक कथा मला सोडवत नाही. एर्तुग्रुल चारशेएक स्वार घेऊन चाललेला असताना वाटेत दोन फौजा लढताना दिसतात. कोण कुणाचं हे माहीत नसताना तो हरणाऱ्या बाजूने उतरतो आणि लढाई फिरते. ती फौज निघते अनातोलियावर (आजच्या तुर्कस्तानच्या बहुतेक भागावर) राज्य करणाऱ्या सेल्जुक घराण्याच्या सुलतान अलाउद्दीनची. बक्षीस म्हणून हिवाळ्यासाठी वायव्य अनातोलियातलं सोऊत आणि उन्हाळ्यासाठी दोमानिचची कुरणं मिळतात. लढाईचा भाग रचलेला वाटतो, पण दोन ऋतूंची दोन ठिकाणं ही मेंढपाळ टोळीची खरी गरज आहे. आपल्याकडे धनगरांचे वाडे हलताना ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. माझ्या मते व्याख्यान इथूनच सुरू करावं. पुढे १२४३ मध्ये कोसेदाग इथे मंगोलांनी सेल्जुकांचा पराभव केला आणि सीमेवरच्या टोळ्यांवरचा वचक सैल झाला, तिथे न्यावं. हा क्रम पटतो का?

एर्तुग्रुलच्या वडिलांच्या नावाचा घोळही आहे. कुठे सुलेमान शाह, कुठे गुंदुझ आल्प. युफ्रेटिस नदीत बुडालेल्या सुलेमान शाहची गोष्ट १०८६ मध्ये मारल्या गेलेल्या सेल्जुक सुलेमानशी मिसळली असावी, असं मानणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. श्रोत्यांना दोन्ही नावं सांगावीत, की एकच?

आणि नाव कसं लिहावं? तुर्कीत त्यातला ‘ग’ जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणजे उच्चार ‘एर्तूरुल’च्या जवळ जातो. फलकावर ‘एर्तुग्रुल’ लिहिलं तर तुर्की जाणणाऱ्यांना खटकेल का? सोऊतला कुणी जाऊन आलं असेल तर तिथल्या कबरीबद्दल आणि आसपासच्या डोंगर-कुरणांबद्दल चार ओळी जरूर लिहा. फलक पुढच्या शनिवारी रंगवायला द्यायचा आहे, तेव्हा नावाचं तेवढं आधी सांगा.