'देवाचं बोलावणं' आलं म्हणजे नक्की काय झालं?

धागाकर्ती, फोंडा

मंडळी, एका वाक्यावर दोन दिवस अडले आहे. ओळखीतला एक मुलगा, राहणार गोव्यातल्या सासष्टीत, यंदा बी.कॉम. झाला. घरात कोंकणी, लिहिणं रोमी लिपीत, बाकी सगळं इंग्रजी. त्याच्या चर्चमधल्या तरुणांचा सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती तरुणांबरोबर एक मेळावा आहे आणि तिथं त्याला 'कॉलेजनंतर पुढं काय' यावर दहा मिनिटं बोलायचंय. तिकडची बरीच मुलं मराठी शाळेत शिकलेली, म्हणून भाषण मराठीत, आणि म्हणून ते माझ्या गळ्यात.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बोटीवर जाणं, बँकेत चिकटणं, लिस्बनमध्ये नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढणं, हे झालं करिअर. व्होकेशन, म्हणजे देवानं एखाद्या कामासाठी माणसाला घातलेली हाक, ते नव्हे. कदाचित ते त्यातच कुठंतरी असेल, कदाचित नसेल. मी शोधतो आहे.

मी सरळ लिहिलं, 'मला देवाचं बोलावणं आलं आहे.' कानाला कसं लागतं म्हणून मोठ्यानं वाचलं, तर आतून सासूबाई, "कोण गेलो गो? कितल्या वर्सांचो आशिल्लो?"

तर बोलावणं बाद. दुसरं काय?

डिचोलीकर मास्तर

बाई, यात शोधण्यासारखं काही नाही. शब्द तयार आहे: पाचारण. मराठी बायबलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हाच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल सांगतो की ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं, त्यानं त्याच स्थितीत राहावं. सिंधुदुर्गातल्या मुलांच्या कानावरून तो गेलेला असणार.

उपसंपादक, पणजी

मास्तर, तुमचं मान्य, पण आमच्या डेस्कवर रोज रात्री हा शब्द येतो आणि दर वेळी एकाच कामाला. 'अग्निशमन दलास पाचारण करण्यात आले.' फार तर श्वानपथकाला. बायबल न वाचलेल्या माणसासमोर 'मला पाचारण झाले आहे' म्हटलं तर तो विचारील, आग कुठं लागली?

डिचोलीकर मास्तर

वृत्तपत्रांनी शब्दाची ही गत केली, त्याला शब्द काय करणार! पाचारण्यात मोठ्यानं हाक घालणं आहे. समोरच्यानं ऐकून उठावं, यावं, ही अपेक्षा त्यात आहे. निमंत्रण नाकारता येतं, पाचारणाला पाठ फिरवली तर जाब द्यावा लागतो. मला तर हा फरक नेमका वाटतो.

सासष्टीकार

मी ख्रिस्ती, मराठी हौसेनं वाचतो. अडचण शब्दापेक्षा घरात जास्त आहे. आमच्या कोंकणीत आपोवणें म्हणतात. पण 'ताका आपोवणें आयलां' हे वाक्य गावात फिरलं की त्याचा अर्थ एकच, पोरगा पाद्री व्हायला निघाला. आधी सालीगावची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, मग राशोलची. मुलगी असेल तर माद्र, म्हणजे नन. तिसरी शक्यता कोणाच्या डोक्यात येत नाही. खरं तर व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं १९६४ सालीच स्पष्ट सांगितलंय की पवित्र जीवनाची हाक सगळ्यांना आहे, संसारी माणसांनासुद्धा. लग्न हेही आपोवणेंच. चर्चमध्ये हे सांगतात, आम्ही माना डोलावतो आणि घरी येऊन परत पाद्रीच समजतो.

म्हणून बाई, आधी त्या मुलाला विचारा, पाद्री व्हायचंय की नाही?

धागाकर्ती, फोंडा

विचारलं. नाही म्हणाला. शाळेत हिशेब-वाणिज्य शिकवायचं मनात आहे. बाप तारवटी, आयुष्य बोटीवर गेलं, त्यामुळं घरात बोटीचाच आग्रह. 'आपोवणें' शब्द काढला तेव्हा आई रडायला लागली आणि त्याला कळेना, ती आनंदानं रडते की एकुलता एक जातो म्हणून!

पेडण्याचा

आपल्याकडं देवाला विचारायची रीत आहे ना? 'कौल' घ्या. 'देवानं कौल दिला'. गोव्यात हिंदू-ख्रिस्ती कुणालाही समजेल.

डिचोलीकर मास्तर

समजेल, पण उलटं समजेल. कौल माणूस मागतो. गाऱ्हाणं घालायचं, मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडते की डावी ते बघायचं. प्रश्न आपला, देवानं फक्त हो की नाही ते सांगायचं. पाचारणात आपण काही विचारलेलंच नसतं. मासे धरणारा जाळी दुरुस्त करीत बसलाय आणि काठावरून कोणी म्हणतो, चल. त्याला कौल म्हणता येणार नाही.

धागाकर्ती, फोंडा

मास्तर, हे फार आवडलं. पण मुलगा वाचून म्हणाला की त्याला अजून स्पष्ट हाक ऐकू आलेली नाही, तो सध्या कौलच लावतोय! जेझुइट पंथाच्या पाद्र्यांकडं असं थांबून पारखण्याची पद्धत आहे म्हणे. तेव्हा 'पेडण्याचा' यांचा शब्द मी खिशात ठेवते.

उपसंपादक, पणजी

कुणी 'व्यवसाय' म्हणू नये म्हणून आधीच सांगते. आपल्याकडं व्होकेशनलला व्यावसायिक हा प्रतिशब्द सरकारनंच रूढ केलाय. व्यवसाय शिक्षण म्हटलं की डोळ्यांसमोर आयटीआय, लेथ, वायरिंग. इंग्रजीत देवाची हाक वायरिंगपर्यंत उतरली आणि मराठीनं इमानदारीनं तिच्या मागोमाग उडी मारली.

डिचोलीकर मास्तर

वायरिंगला नावं ठेवू नका, येशू सुतारच होता ते आठवा. आणि व्यवसायाचा मूळ अर्थ निश्चय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली 'व्यवसायात्मिका बुद्धि' दुकान टाकायची नाही, एका ठिकाणी ठाम झालेली बुद्धी आहे. आज फॉर्मवर 'व्यवसाय' पुढं आपण 'नोकरी' लिहितो तेव्हा तो निश्चय पार गळून गेलेला असतो. 'वृत्ती'चंही तसंच. जोशाची वृत्ती म्हणजे त्याची मिळकत, आणि वृत्ती म्हणजे स्वभावही. पोट आणि मन एका शब्दात बसवणारी भाषा आहे आपली, पण आता 'शिष्यवृत्ती' सोडली तर मिळकतीचा अर्थ कुणाला आठवत नाही.

ध्येय, उद्दिष्ट वगैरेंवर वेळ घालवू नका. ते आपण ठरवतो, कुणी बोलावत नाही.

सासष्टीकार

करिअरवर कुणी बोललं नाही, म्हणून मी. शब्द लॅटिनमधल्या 'गाडा' या अर्थाच्या शब्दावरून आला, फ्रेंचमध्ये घोडे धावायची वाट झाला. पोर्तुगीजमध्ये कारैरा. त्यात धाव आहे, नोकरीतली चढण आहे, आणि ठरलेल्या मार्गावरची वाहतूकही आहे. लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांच्या मार्गाला 'कारैरा दा इंडिया' म्हणत. माझी आजी जुन्या नाकाड्या बसला कारेर म्हणायची. 'कारेर चुकली' म्हणजे तिच्या लेखी बाजार चुकला.

आता गंमत बघा. गोंयचो सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर, पॅरिसमध्ये तत्त्वज्ञान शिकवत होता, म्हणजे आजच्या भाषेत करिअर चांगलं चाललं होतं. ते सोडलं आणि १५४१ च्या एप्रिलमध्ये लिस्बनला जहाजात बसला. गोव्यात उतरला ६ मे १५४२ रोजी. एक करिअर सोडून दुसऱ्या कारैरावर तेरा महिने!

आणि मास्तरांच्या बायबलातच फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय काढा. पौल तिथं धावतोय, मर्यादेवरच्या खुणेकडं, आणि बक्षीस कसलं, तर वरच्या पाचारणाचं. शर्यतीची वाट आणि हाक एकाच वाक्यात. मुलगा दोन्ही वेगळी करू बघतोय, पौलानं केली नव्हती.

धागाकर्ती, फोंडा

हे त्याला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, आमच्या 'आमच्या बापा' प्रार्थनेत 'तुजी खुशी' म्हणतात. मराठीत तिथं 'तुझी इच्छा'. मला खुशी बरी वाटते." मलाही बरी वाटली. मराठीत राजीखुशी, खुशीचा मामला म्हणताना खुशी म्हणजे मर्जीच की. आपण ती हल्ली फक्त आनंदाला ठेवली.

सध्याचा मसुदा: 'हाक येते, पण प्रत्येक हाक सेमिनरीच्या दारातूनच येते असं नाही. वर्गातूनही येते. मी अजून कान देऊन बसलोय. तिला ओ द्यायची, एवढं ठरलंय.' 'पाचारण' एकदाच, पौलाचा दाखला देताना. अग्निशमन दलाची भीती तेवढ्यापुरती पत्करली.

पेडण्याचा

'हाक' छान. पण तरुण मुलांसमोर 'हाक आली' म्हणाल तर ती म्हणतील, कॉल आला म्हणा ना! आमच्यात कॉल आला म्हणजे इंटरव्ह्यूचा.

सासष्टीकार

तारवट्याच्या घरात तर शंभर टक्के. कंपनीचा कॉल येईपर्यंत महिनोन्‌महिने फोनकडं बघत बसतात.

धागाकर्ती, फोंडा

झालंच तसं. काल त्यानं घरी भाषणाची तालीम केली. 'हाक येते' म्हटल्यावर बाप जेवता जेवता उठला आणि विचारलं, "खंयच्या बोटीची?"