अँटिबायोटिकनंतर बिघडलेलं पोट: डबी घेऊ, की पेज पुरे?

फोंडेकरीण | १४ मे, सकाळी ९:४०

नमस्कार. तीन वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पोटापायी तोंड उघडावं लागतंय.

वय ४३, राहणार फोंडा. फेब्रुवारीत अक्कलदाढ काढली, त्यासाठी पाच दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट. मार्चअखेरीस सायनस भरला, मग सात दिवस दुसरं अँटिबायोटिक. तेव्हापासून तंत्र बिघडलं ते बिघडलंच. एक दिवस सकाळीच तीनदा जावं लागतं, मग दोन दिवस काहीच नाही. दुपारी चारनंतर पोट आमच्या घुमट वाद्यासारखं फुगतं आणि वाजतंही तसंच. शौचाची साधी तपासणी, थायरॉईड, सोनोग्राफी, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिकनंतर होतं असं, धीर धरा.

धीर धरवला नाही. आधी त्या पाण्यासारख्या औषधाच्या छोट्या कुप्या घेतल्या दहा दिवस. मग ऑनलाइन प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला चांगल्या म्हणतात त्या जिवंत जिवाणूंची, एक डबी मागवली, '५० बिलियन, १६ स्ट्रेन' लिहिलेली. महिना झाला, फरक म्हणाल तर पाकिटाच्या वजनात. त्यात कुणीतरी सांगितलं प्रीबायोटिक, म्हणजे त्या जिवाणूंचं खाद्य हवं, म्हणून इन्युलिन या चोथ्याची पावडर आणली. दोन चमचे घेतले त्या रात्री झोपले नाही, एवढंच सांगते.

आता सासूबाई म्हणतात पेज आणि खारातली कैरी. लेक म्हणते कोंबुचा, तो आंबवलेला चहा. मोबाईल म्हणतो घरी डबी पाठवतो, नमुना द्या, मायक्रोबायोमचा (आतड्यातल्या जिवाणूंच्या वस्तीचा) अहवाल देतो. मासे खाते, सोमवारी आणि गुरुवारी शिवराक (शाकाहारी). कुठली सप्लिमेंट खरंच उपयोगी पडली ते सांगा, आणि आपल्या गोव्याच्या जेवणातूनच हे जमेल का तेही.

काउंटरवाला | १४ मे, दुपारी १:१५

मडगावात औषधांच्या दुकानात उभा असतो, त्यामुळे ही डबी विकणाऱ्या बाजूने बोलतोय हे ध्यानात ठेवा.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे आकड्याला भुलू नका. ५० बिलियन म्हणजे ५००० कोटी. ऐकायला दणदणीत, पण आपल्या आतड्यात आधीच त्याच्या कैक पट वस्ती आहे. बघायचं ते नाव, आणि ते तीन तुकड्यांत असतं: लॅक्टोबॅसिलस, ऱ्हॅम्नोसस, जीजी. शेवटचा तुकडा म्हणजे स्ट्रेन. अभ्यास झालेला असतो तो त्या स्ट्रेनवर. डबीवर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलं असेल तर ते 'नाईक, गोवा' असा पत्ता लिहिल्यासारखं आहे.

तुमच्या कुप्यांत बॅसिलस क्लॉसाय असणार, एका ५ मिलीच्या कुपीत २०० कोटी बीजाणू. निरुपद्रवी आहे, लहान मुलांच्या जुलाबात डॉक्टर देतात. अँटिबायोटिकच्या जोडीने घ्यायला जास्त अभ्यासलेलं म्हणजे सॅकरोमायसिस बोलार्डी. ते यीस्ट आहे, जिवाणू नव्हे, म्हणून अँटिबायोटिकने मरत नाही. (बुरशी मारणाऱ्या गोळीने मात्र मरतं, हे काउंटरवर विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.) ते घ्यायचं होतं गोळ्या चालू असताना. आता मे महिन्यात म्हणजे वरातीमागून घोडं. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे किंवा ज्यांना मोठ्या शिरेत नळी घातली आहे, त्यांनी या 'निरुपद्रवी' गोष्टीही डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

सूक्ष्मदर्शी | १४ मे, रात्री ८:३०

मायक्रोबायोलॉजी शिकवतो, डॉक्टर नाही.

काउंटरवाले बरोबर सांगताहेत, त्यात भर घालतो. २०१८ साली इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना आठवडाभर अँटिबायोटिक दिलं आणि मग गट पाडले. एका गटाला ११ स्ट्रेनचं प्रोबायोटिक, एकाला काहीच नाही. गंमत म्हणजे काहीच न घेतलेल्यांची मूळ वस्ती लवकर परतली. प्रोबायोटिकवाल्यांत बाहेरचे पाहुणे असे पसरले की घरचे लोक कित्येक महिने नीट परतलेच नाहीत. माणसं मोजकी होती, एकच मिश्रण तपासलं होतं, म्हणून यावरून 'प्रोबायोटिक वाईट' असं म्हणता येत नाही. पण 'घेऊन ठेवा, नुकसान तर नाही' हे वाक्य तेव्हापासून मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये बहुतेक पोटदुखण्यांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करायला पुरेसा आधार नाही असंच म्हटलं.

जेवणाबद्दल: स्टॅनफर्डचा २०२१ चा प्रयोग, ३६ निरोगी प्रौढ, दहा आठवड्यांचा आहार. दही, केफिर, किमची असं आंबवलेलं भरपूर खाणाऱ्यांत जिवाणूंची विविधता वाढली. नुसतं चोथ्याचं (फायबरचं) वाढवणाऱ्यांत तेवढ्या काळात ती सरसकट वाढली नाही. बहुधा चोथा पचवणारी वस्तीच हळूहळू तयार व्हावी लागते. तुमच्या इन्युलिनच्या रात्रीचं कारण साधारण हेच: गिऱ्हाईक एक आणि वाढलेली शंभर ताटं.

अहवालाच्या डबीवर पैसे घालू नका. 'निरोगी मायक्रोबायोम' म्हणजे नेमकं काय याची सर्वमान्य मोजपट्टीच नाही, आणि अशा अहवालाच्या शेवटच्या पानावर बऱ्याचदा त्यांचीच सप्लिमेंट असते.

आजीची_चूल | १५ मे, सकाळी ६:५५

बाय, एवढं शास्त्र कशाला. उकड्या तांदळाची पेज सकाळी दहाला, आणि जेवणानंतर वाटीभर सोलकढी. आमच्या सोलकढीत काय कमी प्रोबायोटिक आहेत?

सूक्ष्मदर्शी | १५ मे, सकाळी ९:१०

आजी, रागावू नका, पण सोलकढीत जवळजवळ नाहीतच. कोकमाचा आंबटपणा फळातल्या आम्लाचा आहे, आंबवण्याचा नव्हे. इडली-सान्नांचं पीठ आंबतं खरं, पण वाफेत जिवाणू मरतात. पोई या आपल्या पावाचंही तेच, सूर (माडाची ताडी) घालून फुगवली तरी भट्टीतून जिवंत काही बाहेर येत नाही. पोईचा उपयोग तिच्या कोंड्यासाठी. खारातल्या कैरीत मीठच इतकं की रक्तदाबवाल्यांनी जपूनच खावी. जिवंत हवं असेल तर घरचं दही, ताक.

आता तुमच्या बाजूचा एक पुरावा देतो. वर आलेलं ते बोलार्डी यीस्ट १९२० च्या दशकात आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला इंडोचायनात सापडलं. पटकीच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते, त्यावरून. मँगोस्टीन म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातलं झाड.

आजीची_चूल | १५ मे, सकाळी ९:२५

म्हणजे मी निम्मी जिंकले.

मग आंबील कर. नाचणीचं पीठ तीन चमचे, वाटीभर पाण्यात रात्री कालवून झाकून ठेव. या उकाड्यात सकाळपर्यंत छान आंबूस वास येतो. दीड वाटी पाणी मिठासकट उकळ, त्यात ते ओत आणि सतत ढवळ, नाहीतर गुठळ्या. पाचसात मिनिटांत चकाकी आली की उतरव. आता मुख्य गोष्ट: पूर्ण गार होऊ दे, मग ताक घाल. गरमात घालतात ते ताक फाटतं, आणि या मास्तरांच्या भाषेत मरतं. वरून भरडलेलं जिरं. आम्ही लसूण ठेचून घालायचो, तू सध्या नको घालू. ताक घरच्या विरजणाचं, फळांची चव लावलेलं गोड दही नव्हे.

डिचोलीचा_भाई | १५ मे, रात्री १०:०५

लसणीवरून आठवलं. मी या वाटेने पाच वर्षांपूर्वी गेलोय, निदान आयबीएस, म्हणजे तपासण्या ठीक आणि आतडं तेवढं चिडकं. इंटरनेटवर फोडमॅपची, म्हणजे पोटात आंबून गॅस करणाऱ्या पदार्थांची यादी वाचली आणि सगळं बंद केलं: कांदा, लसूण, गहू, आळसांदे (चवळीसारखं कडधान्य), दूध, फणस. पोट शांत झालं, अगदी खोटं नाही सांगत. पण आठ महिन्यांत सहा किलो उतरलो आणि लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानासमोर बसून नुसता भात खाणारा प्राणी झालो. शेवटी आहारतज्ज्ञ बाई भेटल्या, त्या म्हणाल्या, अहो ही यादी दोन ते सहा आठवड्यांची आहे, जन्माची नव्हे. मग एकेक पदार्थ परत आणला. माझा चोर निघाला कांदा आणि ग्लासभर दूध. दही चालतं. भिजवून, मोड आणून, पाणी फेकून शिजवलेल्या मुगाच्या मुगागाठीही चालतात, अर्धी वाटी. आळसांद्यांना अजून हात जोडतो.

ताई, एक नाजूक प्रश्न. मानकुराद आंबे किती चाललेत? आंब्यातलं फ्रुक्टोज आमच्यासारख्यांचं पोट फुगवतं. मे महिन्यात हे विचारतोय, माफी असावी.

फोंडेकरीण | १५ मे, रात्री १०:२०

दिवसाला तीन. कधी चार. पुढचं विचारू नका.

जुना_स्टेथोस्कोप | १६ मे, सकाळी ११:००

निवृत्त फिजिशियन. इथे तपासता येत नाही, त्यामुळे हे औषधपत्र समजू नये.

सगळेजण काय *घालावं* ते सांगत आहेत. मला विचारायचंय, तुम्ही रोज काय घेताय? सकाळी उपाशीपोटी एखादी गोळी?

शिवाय वजन उतरणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, पंडुरोग, यातलं काही असेल तर धागा बंद करून डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि सीलिअॅकची (गहू न सोसणाऱ्या आतड्याच्या विकाराची) रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्यायला हरकत नाही. पण सीलिअॅकची तपासणी होईपर्यंत पोई-चपाती सोडू नका. गहू आधीच बंद केलात तर तपासणी फसवी येते. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी शौचाच्या एका नमुन्यात सुटू शकतो, तेही डॉक्टरांशी बोला.

फोंडेकरीण | १६ मे, सकाळी ११:४०

यातलं काही नाही, वजन उलट वाढलंय. सकाळी फक्त गॅसची गोळी घेते, पॅन्टोप्राझोल ४०. दाढेच्या वेळी वेदनाशामकाबरोबर दिली होती. संपली की आणते.

जुना_स्टेथोस्कोप | १६ मे, दुपारी १२:०५

दाढ फेब्रुवारीत काढलीत. आज १६ मे.

ही आम्ल कमी करणारी गोळी चांगली आहे, अल्सरवाल्यांना तिने जीवदान दिलंय. पण जठरातलं आम्ल हा आतड्याचा दरवान आहे. तो तीन महिने रजेवर असला की एरवी मरणारे तोंडातले जिवाणूही खाली पोचतात. या गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यात ते जास्त सापडतात असं अभ्यासांत दिसलंय. पोट फुगणं आणि जुलाब हे तिचे माहितीतले दुष्परिणाम आहेत. तुमचं सगळं दुखणं तिच्यामुळेच असं मी म्हणत नाही, अँटिबायोटिकचे दोन कोर्स आहेतच. पण ती कशासाठी चालू आहे हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मनाने एकदम तोडू नका, आम्ल उसळून येतं आणि माणूस घाबरून परत सुरू करतो.

काउंटरवाला | १६ मे, दुपारी १:३०

कबूल करतो, ही गोळी लोक आमच्याकडे पेपरमिंटसारखी मागतात आणि आम्ही देतो.

फोंडेकरीण | ६ जुलै, दुपारी ४:१५

दुपारी सव्वाचारला लिहितेय आणि घुमट वाजत नाहीये, म्हणून खबर द्यायला आले.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं होतं मी केव्हाच थांबवली. आधी २० वर आणली, मग एक दिवसाआड, मग बंद. मधले आठदहा दिवस छातीत जळजळ झाली, स्टेथोस्कोपकाकांनी सांगून ठेवलं नसतं तर मी परत धरली असती. सीलिअॅक नाही. बी-१२ कमी निघालं, त्याचं चालू आहे.

५० बिलियनची डबी संपली ती परत आणली नाही. आंबील रोज सकाळी (पावसात पीठ आंबायला रात्र पुरत नाही, संध्याकाळीच कालवते). इसबगोल एक चमचा पाण्यातून, तो इन्युलिनसारखा छळत नाही. तांबडी भाजी, मुगागाठी, कच्च्या केळ्याची भाजी, सगळं दोनदोन घास वाढवत नेलं. आंबे मोसम संपेपर्यंत एकावर आणले, तेवढंच माझ्याच्याने झालं. यातलं नक्की कशाने बरं वाटलं ते मलाही सांगता येणार नाही, सगळं एकदमच बदललं. आठवड्यातून एखादा दिवस अजून बिघडतो, बहुतेक वेळा बाहेरची कांद्याची भजी असतात त्यामागे. इन्युलिनची पावडर जास्वंदीच्या कुंडीत टाकली. जास्वंद ठीक आहे.

देव बरें करूं सगळ्यांचं.

आता काळजी गणेश चवथीची. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, पाच दिवस माहेरी. काय सांभाळू?

डिचोलीचा_भाई | ६ जुलै, संध्याकाळी ७:५०

नेवऱ्या मोजून. खतखतं बिनधास्त, त्यात ना कांदा ना लसूण. पाच दिवस मीही त्यावरच जगतो. फक्त वाढून घेताना मक्याचं कणीस एकच.

सूक्ष्मदर्शी | ६ जुलै, रात्री ९:००

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आठवड्याला ३० पेक्षा जास्त वेगवेगळ्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात विविधता जास्त आढळली होती. आजी, तुमच्या खतखत्यात किती?

आजीची_चूल | ७ जुलै, सकाळी ६:४०

सुरण, माडी आणि कणगी हे कंद, नीरफणस, कच्चं केळं, दुधी भोपळा, तांबडा भोपळा, मुळा, शेंगा, कणीस, तूरडाळ, खोबरं, सोलं, तेफळं. चौदा झाले. थांब, हळद आणि मिरची राहिली.