डिस्ने वर्ल्ड : लायटनिंग लेनचे स्लॉट कसे घ्यावेत? (सोबत आई-बाबा आणि सहा वर्षांची लेक)

कृष्णाकाठ

नमस्कार. सांगलीहून आई-बाबा आमच्याकडे डॅलसला आलेत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना घेऊन ऑर्लँडोला जातोय. डिस्नेसाठी एकच दिवस ठेवलाय, तो तिथल्या मॅजिक किंगडम या पार्कला. आम्ही पाच जण: मी, नवरा, लेक (उंची ११० सेंमी) आणि आई-बाबा. बाबा ७१ वर्षांचे, डाव्या गुडघ्याची झीज झालीय. सपाटीवर सावकाश चालतात, पण एका जागी दहा-पंधरा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही.

धास्ती कशाची ते सांगते. दोन वर्षांपूर्वी भारतात गेले होते तेव्हा आम्ही सगळे एका मोठ्या पार्कात गेलो. एका राइडसाठी पावणेदोन तास रांगेत होतो. नात हात सोडेना म्हणून बाबा "मला काही होत नाही" म्हणत उभे राहिले. आमचा नंबर आला आणि राइड बंद पडली. रात्री गुडघा इतका सुजला की पुढचे चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. आता विषय काढला की "तुम्ही जा, मी बाकावर बसतो" म्हणतात. मला त्यांना बाकावर बसवून फिरायचं नाहीये. नातीशेजारी तीन-चार राइडमध्ये तरी ते बसावेत, एवढीच इच्छा आहे.

वाचून कळलं ते असं: पूर्वीचा मोफत फास्टपास गेला, मध्ये जिनी प्लस होतं, जुलै २०२४ पासून लायटनिंग लेन मल्टी पास आहे, म्हणजे पैसे भरून राइडची वेळ (स्लॉट) आधी ठरवायची आणि वेगळ्या छोट्या रांगेतून जायचं. आम्ही डिस्नेच्या हॉटेलात उतरत नाही, म्हणून बुकिंग तीन दिवस आधी सकाळी सातला. तीन राइड आधी निवडायच्या, त्यात पहिल्या, म्हणजे जास्त मागणीच्या गटातली एकच. पुढे गाडी अडते. पास पाचही जणांना घ्यायचा का? पहिल्या गटातून जंगल क्रूझ घ्यावी की पीटर पॅन? व्हीलचेअर घेतली तर रांग टळते का? अपंगांसाठी वेगळी सोय असते म्हणतात, ती गुडघ्यासाठी मिळते का? शिवाय स्पेस माउंटनला ११२ सेंमी उंची लागते, लेक दोन सेंमीनं कमी पडते, आणि आम्हा दोघांना त्यात बसायचंय.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

टँपाकर

कृष्णाकाठ, आम्ही जवळच राहतो, पाहुणे आले की तिकडे जाणं होतंच.

तुमच्या प्रश्नात दोन अडचणी एकत्र झाल्यात. उभं राहणं ही एक आणि वेळ जाणं ही दुसरी. उभं राहण्यावर उपाय व्हीलचेअर, वेळेवर उपाय पास. व्हीलचेअर असली म्हणून पुढे सोडत नाहीत, बहुतेक रांगा तेवढ्या रुंद बांधल्यात की खुर्चीसकट त्याच रांगेतून जायचं. तुम्ही म्हणता ती सोय, डीएएस, ऑटिझमसारख्या अडचणींसाठी आहे. गुडघ्यासाठी मिळत नाही, त्यामागे वेळ घालवू नका. आणि लायटनिंग लेनमध्येही गर्दीच्या दिवशी थोडं थांबावं लागतं, त्यामुळे पास घेतलात तरी खुर्ची हवीच. प्रवेशाजवळ भाड्यानं मिळते.

पास माणशी असतो. बाबांचा घेतला नाहीत तर तुम्ही एका रांगेत आणि ते दुसऱ्या, म्हणजे ज्यासाठी चाललात तेच राहिलं. माझ्या मते पाचही घ्या. पैसे वाचवायचे तर ट्रॉन या राइडवर वाचवा. त्याचा सिंगल पास वेगळा घ्यावा लागतो आणि तिथे १२२ सेंमी उंची लागते.

जंगल क्रूझच घ्या. पीटर पॅनला चालत्या पट्ट्यावरून बसायचं असतं आणि तो पट्टा थांबवत नाहीत. दुखऱ्या गुडघ्याला ते नको. जंगल क्रूझला खुर्चीसकट चढता येईल अशा बोटी आहेत, इट्स अ स्मॉल वर्ल्डलाही आहेत. स्मॉल वर्ल्ड मुळात १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी केलेली, संथ आणि गाण्यांची. आजोबा-नातीसाठी मला तरी यापेक्षा चांगली दुसरी सुचत नाही. त्याच मेळ्यातला कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसही तिथे आहे. त्याला पास लागत नाही, थंडगार प्रेक्षागृहात बसून बघायचा. दुपारी तिथेच टेका.

तारीख पक्की करण्याआधी एक बघा. डिसेंबरात काही रात्री ख्रिसमस पार्टीचं वेगळं तिकीट असतं. त्या दिवशी साध्या तिकिटावर संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. दिवसा गर्दी कमी असते, पण रात्रीची आतषबाजी मिळत नाही.

दोन_लेकरांची_आई

टँपाकरांनी बरंच सांगितलंय. मी फक्त क्रमाचं सांगते, कारण पहिल्या खेपेला आम्ही तिथेच चुकलो. तिन्ही स्लॉट दुपारचे घेतले, आणि पहिला वापरेपर्यंत पुढचा घेता येत नाही. अर्धा दिवस हातात फोन घेऊन बसून काढला.

म्हणून पहिला स्लॉट सकाळी लवकरचा आणि सोप्या राइडचा ठेवा, विनी द पू चालेल. तिथे दारावर पास टॅप झाला की लगेच डिस्नेच्या ॲपमध्ये चौथा घ्या. एक वापरला की गटाची अटही सुटते, म्हणजे पीटर पॅन किंवा स्पेस माउंटन तेव्हा मिळालं तर घेता येतं. मग असंच एक वापरायचं, एक घ्यायचं. बुक करताना मनासारखी वेळ दिसली नाही तर अडून राहू नका. आधी तिन्ही ताब्यात घ्या, वेळा नंतर बदलता येतात. स्लॉटच्या वेळी राइड बंद पडली तर त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या राइडला चालेल असा पास आपोआप मिळतो. मागच्यासारखं हात हलवत परतावं लागणार नाही.

स्पेस माउंटनसाठी रायडर स्विच मागा. एकानं लेकीजवळ थांबायचं, दुसऱ्यानं जाऊन यायचं, मग अदलाबदल. दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. याला पैसे नाहीत, पण दारावरच्या माणसाला लेक दाखवून आधी सांगावं लागतं.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पार्टीच्या दिवसाचं तर माहीतच नव्हतं. आम्ही तोच दिवस घेतोय, बाबांना सहापर्यंतच झेपेल.

पण बाबा खुर्चीला तयार होतील असं वाटत नाही. विमानतळावरसुद्धा नको म्हणाले होते. आणि सात म्हणजे तिथले सात ना? आमच्याकडे सहा वाजलेले असतील. मला जमलं नाही तर पुण्याहून भाऊ करू शकेल का?

निवृत्त_मास्तर

माझं वय ७३, म्हणून लिहितो. आम्हाला खुर्चीत बसायची लाज नसते. मुलांना आपला भार होतो, हे खुर्चीमुळे सगळ्यांना दिसतं, त्याचं वाईट वाटतं. मुलानं मला "बसा" म्हटलं तेव्हा मी बसलो नाही. नातू म्हणाला, "आजोबा, मला मांडीवर घ्या, माझे पाय दुखतात," तेव्हा बसलो आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही. वडिलांशी त्याबद्दल चर्चा करू नका. खुर्ची बरोबर असू द्या आणि नातीला त्यांच्याजवळ सोडा.

टँपाकर

हो, तिथले सात. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच असतील. तुमचं लॉगिन दिलंत तर भाऊ करू शकेल, पण पाचही तिकिटं आदल्या दिवशीच ॲपमध्ये एकमेकांना जोडून ठेवा. कार्डही तिथे भरून ठेवा. सातच्या ठोक्याला ती खटपट करत बसलात तर जंगल क्रूझच्या सकाळच्या वेळा निघून जातात.

कृष्णाकाठ

तिकिटं आत्ताच जोडली. सकाळी मीच उठेन, भाऊ पलीकडे फोनवर राहील. लेकीला मास्तरांचं म्हणणं सांगितलं, तर ती आत्ताच बाबांच्या मांडीवर जाऊन बसलीय. परत आल्यावर इथेच लिहीन.