कर्कवृत्ताच्या पाटीपाशी फोन वेगळाच अक्षांश दाखवतो. वर्षानुवर्षांची नोंद कशी ठेवावी?

चादरवाला:
मंडळी, भोपाळ–सांची रस्त्यावर दीवानगंज आणि सलामतपूरच्या मधे कर्कवृत्ताची पाटी लागते. रस्त्यावर आडवे पट्टेही मारलेत. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने किंवा गाडीने भोपाळ-सांची करणारे तिथे थांबून फोटो काढतातच. आमच्याकडेही वेगवेगळ्या वर्षांचे असे फोटो साठलेत. येत्या जूनमध्ये पुन्हा जायचंय, तर या खेपेला नुसता फोटो न काढता नीट मोजून नोंद करावी म्हणतो.

शाळेत साडेतेवीस अंश शिकलो, पण पाटीपाशी फोन काही तेवढा दाखवत नाही. रेषा दर वर्षी पंधरा मीटर दक्षिणेला सरकते असंही वाचलंय. मग जुन्या फोटोतली जागा आणि आजची जागा यांत फरक यायला हवा का? मधल्या काळात पाटीच हलवली असेल तर ते कसं कळणार? आणि २१ जूनला तिथे सावली खरंच गायब होते का? आकड्यांसकट सांगा.

शंकुछाया:
आधी आकडा पक्का करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. साडेतेवीस ही गोळाबेरीज आहे. रेषेचा सरासरी अक्षांश त्या त्या वर्षाच्या सुरुवातीला असा होता:

२००० – २३°२६′२१.४″
२०१० – २३°२६′१६.८″
२०१५ – २३°२६′१४.४″
२०२० – २३°२६′१२.१″
२०२५ – २३°२६′९.७″ (दशांशात २३.४३६०)

साडेतेवीस अंश धरून गेलात तर सात किलोमीटर पुढे, सांची मागे टाकून विदिशाच्या वाटेवर पोचाल. त्याहून मोठी आणि फार जणांची होणारी चूक म्हणजे २३°२६′ हे नकाशात २३.२६ असं टाकणं. ते तुम्हाला चक्क भोपाळ शहरात सोडतं, रेषेच्या साडेएकोणीस किलोमीटर अलीकडे. मिनिटांना साठाने भागायचं असतं: २६ भागिले ६० म्हणजे ०.४३३.

शिवाय पाटीवर आकडा फक्त मिनिटांपर्यंत लिहिलेला असला, तर तो तपासण्यात अर्थ नाही. एक मिनिट म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ किलोमीटर. तेवढ्या पट्ट्यात कुठेही पाटी रोवली तरी ती बरोबरच. सेकंद म्हणजे ३०.८ मीटर, आणि दशांशातलं पाचवं स्थान म्हणजे १.१ मीटर. तुमची नोंद पाच दशांश स्थानांपर्यंत हवी.

मोजायची पद्धत: झाडाखालून, गाडीतून, पत्र्याच्या शेडखालून बाहेर या. अक्षांश आणि अचूकता दोन्ही दाखवणारं साधं जीपीएस अॅप उघडा. फोन पाटीच्या खांबाच्या बुडाशी जमिनीवर आडवा ठेवा आणि पाच-दहा मिनिटं हात लावू नका. पहिल्या मिनिटातला आकडा लिहायचा नाही, तो हमखास भरकटलेला असतो. अचूकता ३ ते ५ मीटरवर स्थिरावली की दर मिनिटाला एक असे दहा आकडे घ्या आणि सरासरी काढा. निघण्याआधी पुन्हा एकदा तसेच दहा घ्या. दोन सरासऱ्यांत दहा मीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही बाद.

फोटोसोबत साठवलेल्या जागेवर भिस्त ठेवू नका. जीपीएस जागं होण्याआधी फोटो काढला की फोन मोबाईल टॉवरवरून किंवा आधीच्या ठिकाणावरून जागा चिकटवून मोकळा होतो. तो आकडा पाचशे मीटरनेही चुकू शकतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती पुसलीच जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर टिकते. जुन्या फोटोंचे अक्षांश शोधत असाल तर मूळ फाइल कुणाकडे आहे ते आधी बघा.

जुना टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचा तपशीलवार नकाशा) वापरणार असाल तर तो पृथ्वीच्या आकाराच्या ‘एव्हरेस्ट’ नावाच्या जुन्या मापावर आखलेला आहे आणि फोन डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर चालतो. या दोहोंच्या अक्षांशात त्या भागात काही दहा मीटरांचा फरक पडतो. म्हणजे चार-पाच वर्षांचं सरकणं नुसत्या नकाशा बदलल्याने ‘दिसू’ शकतं.

सातरस्ता:
गाडीने जाणार असाल तर भोपाळपर्यंत जायलाच हवं असं नाही. आपल्या गावातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ पुढे कर्कवृत्त ओलांडतोच. तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नड, चाळीसगाव, धुळे, सेंधवा, इंदूर, देवास, मक्सी, शाजापूर. शाजापूर गाव २३.४३ अंशांवर आहे, रेषा त्याला खेटूनच जाते. सांचीच करायची असेल तर देवासला उजवीकडे वळून आष्टा–सीहोरमार्गे भोपाळ.

एक सूचना किलोमीटरच्या दगडांबद्दल. ‘अमुक किलोमीटरच्या दगडापासून इतकी पावलं’ अशी जुनी नोंद असेल तर जपून. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले (आपला सोलापूर–धुळे तेव्हा २११ होता, पुढचा आग्रा रोड ३), आणि क्रमांक बदलला की शून्याची जागाही बदलू शकते. दगडाचा माथा पिवळा म्हणजे राष्ट्रीय, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग. दर्जा बदलला की दगडही नवे येतात. पुलाचा कठडा, मोरीचं तोंड, जुनी विहीर यांच्यापासून टेपने मोजा. चौपदरीकरणात मोरी रुंद होते, पण तिची मध्यरेषा सहसा तिथेच राहते. ओढा काही हलवत नाहीत.

पंचांगी:
शंकुछाया यांचा तक्ता बरोबर आहे, पण ते सगळे *सरासरी* आकडे आहेत. ‘दर वर्षी पंधरा मीटर दक्षिणेला’ (नेमकं १४.४) हे शतकाच्या हिशेबाने खरं. तुमच्या फोटोंच्या मधल्या दहा-बारा वर्षांना ते लावलंत तर उलटं उत्तर येईल.

कारण असं. रेषेचा अक्षांश म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचा कल, आणि तो हळूहळू कमी होतोय, शतकाला सुमारे ४६.८ सेकंदांनी. शिवाय चंद्राच्या ओढीने हाच अक्ष १८.६ वर्षांच्या फेऱ्यात डुलतो आणि कल सरासरीच्या दोन्ही बाजूंना ९.२ सेकंद जातो. जमिनीवर ते २८३ मीटर होतात. हे डुलणं पंचांगातल्या राहूच्या फेऱ्याशी बांधलेलं आहे, कारण राहू म्हणजे चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला छेदते तो बिंदू. आपल्या निरयन पंचांगात राहू मीनेच्या सुरुवातीच्या अंशांत असतो तेव्हा रेषा सरासरीच्या उत्तर टोकाला असते, आणि कन्येच्या तशाच अंशांत असतो तेव्हा दक्षिण टोकाला. (फळ-बिळ विचारू नका, हे निव्वळ गणित आहे.)

दोन्ही हालचाली एकत्र केल्या की खरी रेषा अशी येते:

२००६ च्या मध्याला २३°२६′२७.६″
२०१५ च्या अखेरीस २३°२६′४.९″
२०२५ च्या सुरुवातीला २३°२६′१८.९″
२०३४ च्या सुमारास २३°२५′५६″

म्हणजे २००६ ते २०१५ मध्ये रेषा सातशे मीटर दक्षिणेला गेली, आणि २०१५ ते २०२५ मध्ये सव्वाचारशे-साडेचारशे मीटर *उत्तरेला* परत आली. आता पुन्हा दक्षिणेची पाळी आहे: २०३४ पर्यंत सातशे मीटर, वर्षाला सरासरी पाऊणशेच्या आसपास. मधल्या वर्षांत वेग जास्त, टोकाला जवळजवळ थांबलेली.

त्यामुळे ‘पाटी चुकीच्या जागी आहे’ म्हणण्याआधी कोणत्या वर्षाची आणि कोणती रेषा, हे ठरवा. सातशे मीटरच्या पट्ट्यात कुठेही रोवलेली पाटी कुठल्या ना कुठल्या वर्षी बरोबर ठरतेच. पाटी दर वर्षी सरकवायला हवी ही मागणी तर सोडूनच द्या.

चादरवाला:
बापरे! म्हणजे रेषेचं सरकणं फोटोत दिसणारच नाही. मग जुने फोटो कशाला जुळवायचे?

तिपाई:
पाटी आणि रस्ता यांचं काय झालं ते बघायला. जमिनीवर खरोखर बदलतं ते तेच: रुंदीकरण, भराव, पाटीचा नवा खांब, वाढलेली झाडं. पण त्यासाठी फोटो त्याच जागेवरून हवा, ‘साधारण तिथूनच’ चालत नाही.

जुना फोटो कागदावर मोठा छापून न्या. फोनवर उन्हात काही दिसत नाही. त्यात जवळची आणि दूरची अशा दोन वस्तूंची जोडी शोधा, एक फोटोच्या डाव्या बाजूला आणि एक उजव्या. समजा डावीकडे पाटीची कडा मागच्या विजेच्या खांबाला लागून दिसते. जागेवर गेल्यावर ती कडा त्याच खांबाला लागेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग उजवी जोडी जुळेपर्यंत पुढे-मागे. दोन्ही जोड्या एकदम जुळल्या की तुमचे पाय जुन्या जागी आले. जवळच्या वस्तूचा माथा मागच्या क्षितिजाच्या किती वर आहे ते पाहून कॅमेऱ्याची उंची ठरते. उभ्याने काढलेल्या फोटोसाठी दीड मीटरपासून सुरुवात करा.

झूम शेवटी. दिसणारी रचना उभं राहण्याच्या जागेने ठरते, झूम फक्त चौकट कापतो. जुना छोटा डिजिटल कॅमेरा बहुधा ३५ मिलिमीटरच्या आसपासचा असतो आणि आजच्या फोनची मुख्य भिंग २४ ते २६ ची, म्हणून साधारण १.४ पट झूम लागतो. लोक नेमके उलटं करतात: आधी पाटी जुन्या फोटोएवढी दिसेल अशी पुढे चालत जातात, आणि मग मागचं सगळं बारीक होऊन बसतं.

जोडीसाठी झाड घेऊ नका. विजेचे खांबही रुंदीकरणात उखडतात, म्हणून तीन-चार जोड्या हाताशी ठेवा. रेल्वेलाइन चौकटीत येत असेल तर तिच्या वरच्या तारांचे खांब उत्तम, त्यांच्यावर किलोमीटर आणि अनुक्रमांक रंगवलेला असतो. सगळ्या दूरच्या जोड्या जुळताहेत आणि फक्त पाटी वेगळ्या जागी दिसतेय, तर पाटी हलवलेली आहे. उत्तर मिळालं.

फोटो सकाळी दहाच्या आत किंवा साडेचारनंतर. जूनमध्ये भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो, तोंडं काळी येतात. आणि रस्त्यावरच्या पट्ट्यावर मधोमध उभं राहून फोटो काढू नका, ट्रक वेगात असतात. गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर.

शंकुछाया:
सावलीचं राहिलं होतं. २१ जूनला तिथे खरी दुपार सुमारे १२ वाजून २१ मिनिटांनी होते, बाराला नाही. आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी गेलात तरी चालतं, सूर्य त्या दिवसांत उत्तर-दक्षिण जेमतेम १३ सेकंद (वेळेचे नव्हे, अंशाचे) सरकतो. एक मीटरचा सरळ गज किंवा पाइप घ्या, ओळंब्याने दोन बाजूंनी उभा तपासा, खाली पाण्याच्या लेव्हलने सपाट केलेली फळी ठेवा. गज अर्धा अंश कलला तर सावली जवळजवळ ९ मिलिमीटर खोटी येते, मग बाकी सगळं फुकट.

पण यातून रेषा शोधता येईल या भ्रमात राहू नका. सूर्य हा ठिपका नाही, त्याची थाळी अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे एक मीटर गजाच्या सावलीची कडा दोन्हीकडे साडेचार मिलिमीटर पुसट असते. एक किलोमीटर उत्तरेला-दक्षिणेला सरकल्याने सावली बदलते ०.१६ मिलिमीटर. पाटीपाशी काय आणि सांचीच्या पायथ्याशी काय, तोच देखावा. शिवाय तेव्हा तिकडे मान्सून यायच्या बेतात असतो, ढग ठरलेले.

सातरस्ता:
उज्जैनलाही शून्य सावली होते म्हणतात. पूर्वी रेषा उज्जैनवरून जायची आणि मग वर सरकली, असं तिथले लोक सांगतात. खरं का?

पंचांगी:
दिशाच उलटी आहे. रेषा शतकानुशतकं दक्षिणेला येतेय, म्हणजे पूर्वी ती आणखी उत्तरेला होती. वराहमिहिराच्या काळात, सहाव्या शतकात, ती २३.६३ च्या आसपास, उज्जैनच्या पन्नास किलोमीटर वर. उज्जैन २३.१८ वर आहे. तिथवर यायला रेषेला अजून सुमारे दोन हजार वर्षं लागतील. उज्जैनचा मान होता तो रेखांशासाठी, आपल्या ज्योतिषातली मध्यरेषा तिथून धरत. सावलीचं म्हणाल तर आज तिथे एक मीटर गजाची सावली अयनदिनी (२१ जूनच्या सुमारास) साडेचार मिलिमीटर पडते, आणि शंकुछायांनी सांगितलेल्या पुसट कडेत ती बुडून जाते. डोळ्याला शून्यच. रेषेच्या जवळ जाऊन बघायचं असेल तर महिदपूर तालुक्यातलं डोंगला आहे, तिथे वेधशाळा आणि शंकुयंत्र (सावली मोजायचं यंत्र) दोन्ही आहेत.

शंकुछाया:
धागाकर्त्यासाठी एक. एवढ्या लांब जाऊन हात साफ करण्यापेक्षा सराव घरीच करा. सोलापुरात शून्य सावली वर्षातून दोनदा मिळते: १०-११ मेच्या सुमारास दुपारी १२:२३ ला आणि २-३ ऑगस्टच्या सुमारास १२:३३ ला. ऑगस्टात ढग असतात, मे महिना धरा. इथे सूर्य रोज पाव अंशाहून जास्त सरकतो, त्यामुळे एका दिवसाचा फरक गजावर स्पष्ट दिसतो.

आणि अक्षांश मोजायचा सराव तुळजापूरला जाताना. बरोबर १८°००′००″ ची रेषा गावाच्या अगदी जवळून जाते. ती सूर्याच्या जिवावर नाही, त्यामुळे दर वर्षी तिथेच सापडली पाहिजे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या फोनने तोच बिंदू शोधा आणि दर वेळी खडूने खूण करा. खुणा जेवढ्या विखुरतील तेवढी तुमच्या मोजणीची चूक. मध्य प्रदेशात आलेल्या आकड्यापुढे अधिक-उणे म्हणून तोच लिहा.